संदर्भसूची सॉफ्टवेअरने केली, तरी नियतकालिकांचे ऑनलाइन संदर्भ चुकीचे का उतरतात?

सुरसागरकाठी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मी वडोदऱ्यात पीएच.डी. करते. बडोदा संस्थानातील सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ हा माझा विषय आहे. प्रबंध इंग्रजीत असून संदर्भ एपीए या संदर्भलेखनाच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायचे आहेत. दोन वर्षांपासून मी झोटेरो हे संदर्भ जमवून मांडणारे सॉफ्टवेअर वापरते. ब्राउझरमधले बटण दाबले की लेख जमा होतो आणि वर्डमधले बटण दाबले की संदर्भ उमटतो, एवढ्याच भरवशावर मी २१८ नोंदी गोळा केल्या. गेल्या आठवड्यात पहिली तीन प्रकरणे गाइडसरांकडे दिली. त्यांनी मजकुराला फारसा हात लावला नाही, पण संदर्भसूचीची सगळी पाने लाल शाईने रंगवून परत पाठवली.

चुका एकाच जातीच्या असत्या तर मी त्या निमूटपणे दुरुस्त केल्या असत्या. काही लेखांची शीर्षके संपूर्ण कॅपिटल अक्षरांत आली आहेत, तर काहींत प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल आहे. काही लेखांपुढे खंड, अंक आणि पृष्ठे व्यवस्थित आहेत. काहींपुढे नियतकालिकाचे नावसुद्धा नाही, फक्त तीन ओळींची यूआरएल आहे. ग्रंथालयांच्या एका आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नावातला शेवटचा शब्द आडनाव समजून पुढे आला आणि उरलेल्या शब्दांची आद्याक्षरे झाली. एकाच लेखिकेचा उल्लेख मजकुरात कुठे ‘जोशी, २०१८’ असा, तर कुठे ‘पी. जोशी, २०१८’ असा दिसतो. आणि ‘लायब्ररी मिसेलनी’ या बडोद्याच्या जुन्या नियतकालिकातील पहिल्या वर्षीचा लेख २०१६ चा म्हणून छापला गेला, त्यावर सरांनी समासात लिहिले आहे, ‘१९१२ सालचा लेख २०१६ मध्ये कोणी लिहिला?’

प्रबंध जमा करायला दीड महिना उरला आहे. झोटेरो सोडून मेंडेली किंवा एंडनोटकडे जावे का? की सूची सरळ हाताने टंकून घ्यावी?

कमाटीबाग (सोमवार, रात्री १०.१५)

हाताने टंकावी. मी माझा प्रबंध टाइपरायटरवर केला, त्यात दीडशेच्या वर संदर्भ होते आणि एकही चुकला नव्हता. यंत्राने चुका करायच्या आणि माणसाने त्या शोधत बसायचे, यात वेळ वाचतो तो कोणाचा, हे मला अजून कळलेले नाही.

निवृत्त_ग्रंथपाल (मंगळवार, सकाळी ७.०५)

ताई, सॉफ्टवेअर बदलू नका आणि सूची हाताने टंकूही नका. झोटेरो, मेंडेली आणि इतर अनेक कार्यक्रम संदर्भांची मांडणी सीएसएल नावाच्या एकाच भाषेत लिहिलेल्या शैलीफायलींवरून करतात आणि अशा शैली आज १०,००० च्या वर उपलब्ध आहेत. एपीएची शैलीफाइल इतकी वापरली आणि तपासली गेली आहे, की तुम्ही लिहिलेल्या चुका तिच्यात असण्याची शक्यता मला जवळजवळ शून्य वाटते. शैलीचे काम फक्त मांडणीचे आहे. नोंदीच्या ज्या रकान्यात जे असेल ते ती ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या विरामचिन्हांसह आणि ठरलेल्या ठशात उतरवते. रकाना रिकामा असेल तर ती गप्प बसते आणि रकान्यात कचरा असेल तर तो व्यवस्थित तिरप्या ठशात छापते. म्हणजे दुरुस्ती वर्डमध्ये करायचीच नाही, ती नोंदीत करायची. वर्डमधील सूचीत हाताने केलेला बदल पुढच्या रिफ्रेशला पुसला जातो. दुपारभर बसून सुधारलेली सूची संध्याकाळी एक नवा संदर्भ घालताच पूर्वपदावर आलेली पाहून रडकुंडीला आलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता सर्वांत आधी काय पाहावे, ते सांगतो. झोटेरोत नोंद उघडली की उजवीकडे अगदी वर आयटम टाइप असतो. ज्या लेखांपुढे केवळ यूआरएल आली आहे, त्यांच्या नोंदींत तिथे ‘जर्नल आर्टिकल’ऐवजी ‘वेब पेज’ असे दिसेल, हे मी नोंदी न पाहता सांगू शकतो. ब्राउझरमधील बटणाचे चित्र पानागणिक बदलते. झोटेरोला पानावर लेखाची माहिती सापडली तर तिथे लेखाच्या कागदाचे चित्र दिसते. सापडली नाही तर साध्या वेबपानाचे चित्र येते आणि ते दाबले की फक्त पानाचा मथळा आणि पत्ता जमा होतो. आपल्याकडील अनेक छोट्या नियतकालिकांच्या संकेतस्थळांवर लेखाची माहिती यंत्राला वाचता येईल अशी दिलेलीच नसते, तिथे नेमके हेच होते. अशा वेळी आयटम टाइप बदलावा आणि नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, पृष्ठे हे रकाने पीडीएफच्या पहिल्या पानावरून स्वतः भरावेत. पीडीएफ न उघडता केलेली नोंद मी कधीच पक्की धरत नाही.

लेखाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, असेल तर याहून सोपा मार्ग आहे. झोटेरोत जादूच्या कांडीचे चित्र असलेले बटण आहे, त्यात १० पासून सुरू होणारा तो क्रमांक टाकला की प्रकाशकाने क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे दिलेली माहिती थेट येते. क्रॉसरेफ २००० सालापासून हेच काम करते. तरीही एक सावधगिरी ठेवावी. ती माहिती प्रकाशकाने भरलेली असते आणि प्रकाशकाकडचा कारकून तुमच्या-माझ्यासारखाच माणूस असतो. संपूर्ण कॅपिटल अक्षरांतील शीर्षके बहुधा तिथूनच येतात.

शीर्षकाच्या रकान्यावर उजवी कळ दाबून ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’मधून ‘सेन्टेन्स केस’ निवडा आणि मग बडोदा, गुजरात, सयाजीराव अशी विशेषनामे पुन्हा कॅपिटल करून घ्या, कारण यंत्राला विशेषनाम ओळखता येत नाही. शीर्षके नेहमी याच रूपात साठवावीत. एमएलए किंवा शिकागो शैलीला प्रत्येक मुख्य शब्द कॅपिटल हवा असेल तर सॉफ्टवेअर तो बदल स्वतः करते. उलट दिशेचा बदल मात्र भरवशाचा होत नाही. त्यामुळे उद्या हाच प्रबंध एखाद्या नियतकालिकाकडे लेखरूपाने धाडताना शैली बदलली तरी नोंदींना हात लावावा लागणार नाही.

सुरसागरकाठी (मंगळवार, दुपारी १.३०)

काका, मनापासून आभार. तपासले. ‘वेब पेज’ म्हणून पडलेल्या नोंदी ४१ निघाल्या आणि त्यांपैकी ३३ लेखांना डीओआय आहे, म्हणजे त्या कांडीने निघतील. पण दोन शंका उरल्या. संस्थेच्या नावाचे काय करायचे? आणि ‘पी. जोशी’ हे आद्याक्षर मी कुठेही लिहिलेले नसताना मजकुरात आले कसे?

निवृत्त_ग्रंथपाल (मंगळवार, संध्याकाळी ६.२०)

संस्थेची गोष्ट सोपी आहे. लेखकाच्या रकान्याशेजारी एक छोटे बटण असते. ते दाबले की आडनाव आणि नाव हे दोन कप्पे जाऊन एकच कप्पा राहतो. संस्थेचे नाव त्या एका कप्प्यात लिहिले की ते उलटत नाही. एंडनोट वापरणाऱ्यांनी संस्थेच्या नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यावा, तिथे तोच संकेत आहे.

आद्याक्षराची गोष्ट मात्र मजेची आहे आणि त्यात सॉफ्टवेअर तुमच्यापेक्षा अधिक काटेकोर वागले आहे. एकाच आडनावाचे दोन वेगळे लेखक सूचीत असतील तर मजकुरात त्यांची आद्याक्षरे द्यावीत, असा एपीएचा नियम आहे. तुमच्याकडे एका नोंदीत त्या बाईंचे पूर्ण नाव आहे आणि दुसऱ्या नोंदीत नुसते आद्याक्षर आहे किंवा मधले नाव जास्तीचे आहे. त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने त्या दोन निरनिराळ्या व्यक्ती झाल्या. दोन्ही नोंदींत नाव अक्षरशः सारखे करा, टिंब आणि मधली मोकळी जागासुद्धा सारखी ठेवा, आणि रिफ्रेश करा. आद्याक्षर नाहीसे होईल. मजकुरात ‘२०१९अ’ आणि ‘२०१९आ’ अशी जोडी विनाकारण दिसत असेल, तर तोच लेख दोनदा जमा झालेला असतो. ‘डुप्लिकेट आयटम्स’ या कप्प्यात जाऊन अशा नोंदी एकमेकींत विलीन कराव्यात. त्यांपैकी एक पुसून टाकू नये. विलीन केलेल्या नोंदीशी वर्डमधील जुने संदर्भ जोडलेले राहतात. पुसलेल्या नोंदीचा संदर्भ दस्तऐवजात दिसत राहतो, पण नंतर केलेली कोणतीही दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

नावांबाबत आपल्या गावापुरती आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गुजरातेत गुणपत्रिकेपासून आडनाव आधी लिहिण्याची पद्धत आहे, तर मराठी घरांत नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम असतो. बडोद्याच्या मराठी माणसाच्या कागदपत्रांत हे दोन्ही क्रम सापडतात. लेखकाने नियतकालिकाच्या अर्जात आडनाव आधी भरले आणि त्या संगणकाने शेवटचा शब्द आडनाव मानला, की वडिलांचे नावच आडनाव होऊन बसते. मग तो लेख वर्णानुक्रमात भलत्याच अक्षराखाली जातो आणि वाचणाऱ्याला सापडत नाही. गुजराती लेखकांच्या सगळ्या नोंदी एकदा डोळ्यांखालून घाला. याला बटण नाही.

औषधशास्त्री (मंगळवार, रात्री ११.००)

आमच्या विषयात व्हँकूव्हर पद्धत चालते, म्हणून थोडी निराळी भर घालतो. तिथे नियतकालिकाचे नाव संक्षिप्त रूपात द्यायचे असते आणि ते संक्षेप अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ठरवलेले असतात. वर्डमधील झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये मेडलाइनचे संक्षेप वापरण्याचा पर्याय आहे. तो निवडलेला असेल तर नोंदीतील संक्षेपाचा रकाना वाचलाच जात नाही, हे मला उशिरा कळले आणि तोवर मी साठ-एक नोंदींत हाताने संक्षेप भरून बसलो होतो. भारतीय नियतकालिके त्या यादीत नसतील तर मात्र हा पर्याय बंद ठेवून रकानाच भरावा लागतो.

दुसरे म्हणजे, केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांना पृष्ठक्रमांकच नसतात. ‘प्लॉस वन’ हे २००६ पासून निघणारे नियतकालिक घ्या. त्यातील लेखाला ई या अक्षराने सुरू होणारा लेखक्रमांक असतो. पुष्कळजण पृष्ठांचा रकाना रिकामा सोडतात किंवा पीडीएफमध्ये दिसणारे एक ते चौदा असे आकडे भरतात. दोन्ही चूक आहे. पीडीएफचे आकडे त्या फाइलपुरते असतात, तो लेख त्या खंडात कुठे आहे हे त्यांवरून कळत नाही.

शंकेखोर (बुधवार, सकाळी ८.४५)

चर्चा उपयुक्त आहे, पण मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला दिसत नाही. लेख ऑनलाइन वाचला असेल तर यूआरएल आणि पाहिल्याची तारीख द्यायची की नाही? आमच्या विभागात एक प्राध्यापक दोन्ही हव्यात म्हणतात, दुसरे दोन्ही नकोत म्हणतात. झोटेरो पाहिल्याची तारीख आपोआप भरून ठेवते, पण सूचीत छापत नाही. मग ती भरते कशाला?

निवृत्त_ग्रंथपाल (बुधवार, सकाळी १०.३०)

ती भरते, कारण उद्या तुम्ही ती मागणारी शैली निवडू शकता. तुमच्या विभागातील दोन्ही प्राध्यापक आपापल्या शैलीपुरते बरोबर असावेत. व्हँकूव्हरमध्ये ऑनलाइन स्रोताचा संदर्भ देताना पाहिल्याची तारीख चौकोनी कंसात देतात. एमएलएमध्ये ती ऐच्छिक आहे. एपीएच्या सातव्या आवृत्तीत, जी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आली, ती फक्त वेळोवेळी बदलत राहणाऱ्या मजकुराला लागते. प्रसिद्ध झालेला शोधनिबंध बदलत नाही, म्हणून त्याला तारीख लागत नाही. ‘रिट्रीव्हड फ्रॉम’ हे शब्दही एपीएने तेव्हापासून नेहमीच्या संदर्भातून काढले. डीओआय असेल तर तो द्यावा आणि मग यूआरएल देऊ नये. डीओआय नसेल आणि लेख सर्वांना उघडता येत असेल तर यूआरएल द्यावी.

डीओआयचे रूपही पाहून घ्या. हल्ली तो एचटीटीपीएससह पूर्ण दुव्याच्या रूपात देतात. आधी डीओआय हे अक्षर आणि विसर्गचिन्ह लिहायची किंवा डीएक्सने सुरू होणारा पत्ता द्यायची पद्धत होती, ती क्रॉसरेफने २०१७ मध्ये बदलली. मात्र नोंदीच्या रकान्यात फक्त १० पासूनचा क्रमांक ठेवावा. पूर्ण दुवा चिकटवला तर काही सॉफ्टवेअरमध्ये शैली स्वतःचा दुवा पुढे जोडते आणि एकाच ओळीत तोच पत्ता दोनदा छापला जातो. असा दुवा दाबला की कुठेच जात नाही. परीक्षकाने नेमका तोच दाबला तर काय होईल, ते सांगायला नको.

तीन ओळींच्या यूआरएलबद्दलही लिहितो. विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत घरून लेख उघडला की पत्त्यात कधी ग्रंथालयाच्या मधल्या सर्व्हरचे नाव येते, तर कधी तुमच्या त्या बैठकीचा लांबलचक सांकेतिक क्रमांक. तो पत्ता तुमच्याशिवाय कोणालाही उघडत नाही आणि उद्या तुम्हालाही उघडणार नाही. २०२५ च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’मुळे आपल्याकडे हजारो नियतकालिके सरकारी संस्थांमधील विद्यार्थ्यांना खुली झाली आहेत. त्यामुळे आता हा घोळ वाढेल, अशी मला भीती आहे. यूआरएलच्या रकान्यात लेखाच्या पानावर दिलेला कायमचा पत्ताच ठेवावा. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंधांना असा कायमचा पत्ता मिळतो, त्यात १०६०३ हा आकडा असतो. ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता उचलण्याऐवजी तो उचलावा. आणि शोधगंगेवरील प्रबंधाचा आयटम टाइप ‘थिसिस’ असावा. मी तो ‘जर्नल आर्टिकल’ म्हणून नोंदवलेलाही पाहिला आहे.

झोटेरोच्या सेटिंगमध्ये ‘साइट’ या विभागात छापील लेखांच्या यूआरएल दाखवायच्या की नाहीत, असा एक पर्याय आहे. त्याची खूण काढली तर ज्या नोंदीत पृष्ठक्रमांक आहेत तिथे यूआरएल येत नाही आणि जिथे नाहीत तिथे येते. आता लक्षात येईल, की रिकाम्या पृष्ठरकान्याचा परिणाम कुठवर जातो.

कमाटीबाग (बुधवार, दुपारी २.००)

म्हणजे शेवटी प्रत्येक नोंद माणसानेच तपासायची. मी तेच म्हणत होतो.

निवृत्त_ग्रंथपाल (बुधवार, दुपारी ३.१५)

आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. तपासायची माणसानेच, पण एकदाच. आम्ही ग्रंथालयात तालिका-कार्डे करत असू तेव्हा एक कार्ड नीट केले की त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काम चाले. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसवली, तेव्हापासून या गावाला कार्ड ही वस्तू अपरिचित नाही. झोटेरोतील नोंद हे कार्डच आहे. टाइपरायटरवर केलेली सूची दुसऱ्या शैलीत हवी असेल तर ती पुन्हा टंकावी लागते, कार्डांचे तसे होत नाही.

लेटेक्सवाला (बुधवार, रात्री ९.५०)

गणित आणि संगणकशास्त्राच्या मंडळींसाठी थोडक्यात लिहितो. लेटेक्समध्ये लिहिणारे संदर्भांसाठी बिबटेक्स वापरतात, त्यात शीर्षकातील संक्षेप आणि विशेषनामे महिरपी कंसात घातली नाहीत तर काही शैली त्यांची अक्षरे लहान करून टाकतात. संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात लिहावे, नाहीतर तिथेही आडनाव निघते. झोटेरोतून बिबटेक्स फाइल काढायची असेल तर ‘बेटर बिबटेक्स’ हे जोडपत्र बसवावे, म्हणजे संदर्भाच्या किल्ल्या दर निर्यातीला बदलत नाहीत.

सुरसागरकाठी (शुक्रवार, रात्री १०.०५)

दोन दिवस हंसा मेहता ग्रंथालयात बसून २१८ नोंदी एकेक करून तपासल्या. सहा जोड्या विलीन झाल्या, त्यामुळे आता २१२ आहेत. ‘पी. जोशी’ गेल्या, महासंघ सरळ झाला. वडिलांचे नाव आडनाव झालेले तीन लेखक सापडले, त्यांतील एक तर आमच्याच विभागाचे जुने विद्यार्थी आहेत.

काही नोंदींत एक नवीन प्रकारची गडबड दिसली. मजकुरात मी २०२० लिहिले आहे, पण छापील अंक २०२१ चा आहे. शोधल्यावर कळले, की लेख आधी ऑनलाइन आला आणि अंक नंतर निघाला. मी अंक निघण्यापूर्वी लेख जमा केला होता, म्हणून खंड आणि पृष्ठेही कोरी राहिली होती. अशा नोंदींत अंकाचे वर्ष आणि बाकीचा तपशील नव्याने भरला. मी केले ते बरोबर आहे ना?

अजून तीन अडचणी शिल्लक आहेत. मराठी नियतकालिकांतील अकरा लेख आहेत, त्यांची शीर्षके इंग्रजी प्रबंधात कशी द्यावीत? त्यांतील चार पीडीएफ जुन्या फाँटमध्ये आहेत आणि त्यांतून उचललेले शीर्षक निव्वळ चिन्हांचा गोळा म्हणून येते. आणि १९१२ चा प्रश्न आहेच.

निवृत्त_ग्रंथपाल (शनिवार, सकाळी ६.५०)

वर्षाबद्दल आपण केले ते बरोबर आहे. अंतिम आवृत्ती निघाली असेल तर तिचेच वर्ष द्यावे.

जुन्या फाँटच्या पीडीएफमधून काहीही उचलू नका. ते डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरेच असतात. शीर्षक युनिकोडमध्ये स्वतः टंकावे. एपीएप्रमाणे मूळ शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतरित करून द्यावे आणि त्यापुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अनुवाद द्यावा. हे सर्व शीर्षकाच्या रकान्यातच लिहायचे. मूळ देवनागरी शीर्षक ‘एक्स्ट्रा’ रकान्यात जपून ठेवा, पुढे मराठीत लिहाल तेव्हा लागेल. लिप्यंतराची एक पद्धत ठरवा आणि अकराही लेखांना तीच लावा. एका ठिकाणी दीर्घ स्वरावर आडवी रेघ आणि दुसऱ्या ठिकाणी दुहेरी ए, असे नको. या नोंदींत भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत ‘एमआर’ रोमन अक्षरांत भरायला विसरू नका. आज एपीएत फरक दिसणार नाही. उद्या शिकागो शैली निवडलीत तर तो रकाना रिकामा असल्यास सॉफ्टवेअर शीर्षक इंग्रजी समजेल आणि ‘ग्रंथालयांची चळवळ’मधील ‘चळवळ’चा सी कॅपिटल करेल. भाषा भरलेली असेल तर हात लावणार नाही.

गायकवाड या आडनावाची रोमन वर्तनी तुमच्या विषयात वारंवार येणार. ब्रिटिश काळातील छपाईत तिचा शेवट आर अक्षराने होतो, पुढे डीने होऊ लागला आणि मधले स्वरही बदलतात. जी वर्तनी ज्या स्रोतावर छापलेली आहे तीच त्या नोंदीत ठेवा, एकसारखी करण्याच्या मोहात पडू नका. ‘जोशी’च्या बाबतीत एकसारखे करा म्हणालो आणि इथे नको म्हणतो, याचे कारण असे की तिथे एकाच बाईंच्या नावाची आद्याक्षरे कमीजास्त झाली होती, इथे छापलेली अक्षरेच निरनिराळी आहेत आणि वाचक ती तशीच शोधणार.

आता ‘लायब्ररी मिसेलनी’. हे नियतकालिक १९१२ मध्ये बडोद्यातून सुरू झाले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. तुम्ही ज्या संकेतस्थळावरून प्रत घेतली, तिथे ती कोणीतरी २०१६ मध्ये चढवली असणार. बटणाने ती चढवल्याची तारीख उचलून प्रकाशनाच्या रकान्यात टाकली. लेखकाच्या रकान्यातही चढवणाऱ्याचे नाव आहे का, ते पाहा. स्कॅन ही मूळ पानाची प्रतिमा आहे, ते नवे प्रकाशन नाही. आयटम टाइप ‘जर्नल आर्टिकल’, वर्ष १९१२, खंड, अंक आणि पृष्ठे स्कॅनमधील मुखपृष्ठावरून आणि पानांवरून घ्या. संकेतस्थळाच्या वाचकखिडकीत दिसणारा पानाचा आकडा घेऊ नका, तो मुखपृष्ठ आणि कोरी पाने धरून मोजलेला असतो. यूआरएल ठेवायला हरकत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते पान सहज सापडावे.

सुरसागरकाठी (शनिवार, दुपारी १२.२०)

काका, लेखकाच्या रकान्यात खरोखरच चढवणाऱ्याचे टोपणनाव निघाले. सरांच्या नजरेतून ते सुटले होते.

शंकेखोर (शनिवार, दुपारी ४.००)

गाइडनी तरीही प्रत्येक ऑनलाइन लेखापुढे पाहिल्याची तारीख हवीच, असा आग्रह धरला तर काय करायचे? एपीएचा नियम दाखवून वाद घालावा, असे मला वाटते.

निवृत्त_ग्रंथपाल (शनिवार, रात्री ८.१०)

वाद घालण्यापूर्वी विद्यापीठाचा प्रबंधलेखनाचा नियम वाचावा. तिथे तारीख मागितली असेल तर ती द्यावीच लागेल. नसेल तर एपीएचे ते पान विनयाने दाखवावे. आणि द्यायचीच ठरली तर प्रत्येक नोंदीपुढे हाताने टंकू नये. सीएसएल शैलीफाइलची एक प्रत करून तिला वेगळे नाव द्यावे आणि त्यात पाहिल्याच्या तारखेची ओळ वाढवावी. त्यासाठी ऑनलाइन संपादक उपलब्ध आहे. एका ओळीत सगळी सूची बदलते आणि गाइडांचे मन बदलले तर एका ओळीत पूर्ववतही होते.

सुरसागरकाठी (पुढील मंगळवार, रात्री ९.३०)

सरांना नवी सूची दाखवली. डीओआय असलेल्या लेखांना तारीख नको, हे त्यांनी मान्य केले. ज्यांना डीओआय नाही अशा आठ लेखांना मात्र हवी आहे, कारण त्यांतील दोन संकेतस्थळे आताच बंद पडली आहेत. त्यांचा मुद्दा मला पटला. शैलीची प्रत करून तसा बदल केला आहे.

प्रबंध छपाईला देण्यापूर्वी आणखी काही करायचे असते का?

निवृत्त_ग्रंथपाल (बुधवार, सकाळी ७.००)

तीन गोष्टी करा. पहिली म्हणजे, सर्व प्रकरणे एका फाइलमध्ये आणल्यावर एकदा रिफ्रेश करा. ही फाइल मध्येच लिबरऑफिसमध्ये किंवा मोबाइलवरील एखाद्या लेखनसॉफ्टवेअरमध्ये उघडून जतन करू नका, संदर्भांच्या आतील जोडण्या तिथे तुटू शकतात. दुसरी गोष्ट, झोटेरोत कोणत्याही नोंदीवर लाल पट्टी दिसते का, ते पाहा. २०१९ पासून तिथे मागे घेतलेल्या शोधनिबंधांची सूचना मिळते. शेवटची, फाइलची एक प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीवर ‘अनलिंक सायटेशन्स’ करा आणि छपाईला तीच द्या. त्यानंतर त्या प्रतीत संदर्भ साधा मजकूर होतात, परत जोडता येत नाहीत. म्हणून मूळ फाइल सांभाळा. तोंडी परीक्षेनंतर परीक्षक दुरुस्त्या सांगतील तेव्हा त्याच फाइलवर काम करायचे आहे.

कमाटीबाग (बुधवार, सकाळी ९.१५)

माझ्या नातवाला हा धागा वाचायला दिला. त्याने मला झोटेरो बसवून दिले आहे. माझ्या जुन्या प्रबंधाच्या सूचीतील पहिले वीस संदर्भ भरून पाहिले. त्यातील एकाचा खंडक्रमांक चुकलेला निघाला.